लागलंच तर

सीपीआरसमोरच्या औषधाच्या दुकानात
माझा निम्मा जन्म
दुसऱ्यांचं अक्षर लावण्यात गेला.

चिठ्ठीच्या डोक्यावर तंगडी मोडलेला आर.
लॅटिनात त्याचा अर्थ एवढाच: घे.
आमच्याकडं, 'घे की.'

बी.डी. म्हणजे दिवसातनं दोनदा.
हिंदुराव चौगले, राहणार सांगरूळ,
ऐकून हसला,
मग खोकला, मग बराच वेळ नुसता खोकलाच.
'डॉक्टरच बिडी लिवून देतोय, बघ शेवंता!'

शेवंता हसली नाही.
'सीपीआर म्हंजे काय वो?'
दवाखान्याचं नाव. छत्रपती प्रमिलाराजे.
'तसं न्हवं. राती शेजारच्या खाटंवर
नर्स वरडली, सीपीआर, सीपीआर.
मला वाटलं, हितंच तर आलोय की.'

मी सुट्टे मोजत राहिलो.
छातीवर दोन्ही तळवे ठेवून
गेलेल्याला माघारी बोलवायचं,
हे काउंटरवरून कसं सांगणार?

तळाशी एस.ओ.एस.
बुडत्या जहाजाची हाक नव्हे ही.
जुन्या लॅटिनातलं साधं वाक्य:
लागलंच तर.
दुखलं तर द्या, म्हटलं. नाहीतर राहू दे.

पुढच्या सोमवारी ती एकटीच आली.
काचेवर पट्टी ठेवली,
दहाच्या दहा गोळ्या.
'लागल्याच न्हाईत,' म्हणाली.