कच्चे टाके

डरहॅमच्या खाणवस्तीत दुपारी चारलाच अंधारलंय.
मॉरीन उसवतेय विनी मावशीचे कच्चे टाके.
तीनशे बारा षटकोन: पडद्याचं चीट, एप्रनचा खिसा,
कुणाच्या तरी झग्याचा विटका निळा.
प्रत्येकाच्या पोटात कागद, आकार धरून बसलेला.
कोळशाची पावती, चर्चचं पत्रक,
आणि एकाच वळणाच्या अक्षरातली
तिरकी कातरलेली पत्रं:
‘…ला सांगू नकोस’, ‘मंगळवारच्या बोटीनं…’
जोडून पाहिली. जुळत नाहीत.
मधलं सगळं बहुधा शेगडीत गेलं.

‘विनीला कुणी विचारलंच नाही,’ आई म्हणायची,
आणि चहा ओतायची.

गोधडीची शेवटची कड. दोरा ओठांत ओला करून ओवला.
एक षटकोन मॉरीननं तसाच शिवला, कागदासकट.
आता रात्री कूस बदलली
की पायाशी
काहीतरी कुरकुरतं.