अकरा मिनिटांचं पाणी

राइस मिलच्या मागच्या भिंतीला
चुना मारून पडदा केला.
एके जागी पोपडा निघालेला,
तो सबंध सिनेमाभर आभाळात राहिला.

सिनेमा इथलाच. चिचटोल्याचा मामा तलाव,
अकरा मिनिटं, कॅमेरा हलत नाही.
परदेशात कुठंशी लोक म्हणे उठून उभे राहिले.
एकानं लिहिलं, हा काळच आहे, पाणी होऊन पडलेला.
दुसऱ्यानं, असं आजवर कोणी पाहिलंच नव्हतं.
मी कॅमेऱ्याच्या पेट्या उचलणारा.
मला ठाऊक आहे, त्या दुपारी
साहेब बटण बंद करायचं विसरून
सरपंचाकडे लाखोळीची डाळ नि भात खायला गेले होते.

दुधराम मारबते, जन्म पाळीवर बसून काढलेला,
मध्येच बोलला,
"हे त मी रोजच पायतो जी.
पन थे पानकोंबडी बुडली ना, निंगलीच नाही अजून."
लोक हसले.
साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं.

सहाव्या मिनिटाला गोपिका उभी राहिली.
"थांबवा! थे जाळं माझं हाये."

खरंच. डावीकडे खाली, बेशरमाच्या झुडपावर
वाळत घातलेलं, निळ्या सुतळीचं ठिगळ,
दोन वर्षांपूर्वी गेलेलं.
आणि त्याच्या मागून एक पाय जातो,
घोट्यापुरता, जेमतेम दीड सेकंद.
"कोनाचा पाय हाये हा?"
साहेब म्हणाले, बाई, ते ज्यानं त्यानं ठरवायचं.
"ज्यानं त्यानं कसं? नेनारा त एकच असन ना!"

परत लावला. परत.
आता पाण्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं,
सगळं गाव त्या घोट्यावर डोळे लावून,
कोणी चप्पल ओळखत होतं, कोणी चाल.

पाय माझा होता.
मी जाळं नेलं नाही. आगपेटी शोधत होतो.
पण तिसऱ्या वेळी बघताना
मलाही वाटलं, त्या पायाला घाई आहे.
मी पाय सतरंजीखाली ओढून घेतले.

मग जनरेटरचं डिझेल संपलं.
भिंत गेली. बेडूक, कोंड्याचा वास,
गोपिका अजून उभीच.
कोणी उठेना.

"थे पाय!" अंधारात दुधराम ओरडला.
मी दचकलो.

"निंगली."