शहाण्णव तुकडे

कांजूरमार्गला, सहाव्या मजल्यावर
मी वारा विकते.
म्हणजे उद्याचा. आजचा वाहून गेलेला असतो.

दिवसाचे शहाण्णव तुकडे, पंधरा-पंधरा मिनिटांचे,
आणि प्रत्येकात एक आकडा:
पाटणच्या वरच्या पठारावर सदतीस पवनचक्क्या
तेवढ्या वेळात किती वीज देतील.
आकडा चुकला की दंड.
वारा चुकला, असं कुणी म्हणत नाही.

पठार मी पाहिलेलं नाही.
इथली खिडकी उघडत नाही.
काच पुसायला दोरावरून एक माणूस उतरतो,
त्याचा शर्ट फुगतो, त्यावरून कळतं
बाहेर काहीतरी चाललंय.
आत एसीचा, अठरा अंशांचा,
कायम नोकरीत असलेला वारा.

रात्री अडीचला, अकरावा तुकडा सुरू होताना,
अंकुश येळवेचा फोन.
"मॅडम, बावीस नंबर बंद केलाय. पात्याचा आवाज बदलला."
कसा बदलला?
थांबतो. विचार करतो.
"आधी सुपात तांदूळ पाखडल्यागत यायचा.
आता मधेच खडा वाजतोय."
मी लिहिते: २२, बिघाड.
खड्याला रकाना नाही.

एकदा त्याला म्हटलं, आकडा नको,
वारा कसा आहे ते नुसतं सांग.
काही न बोलता त्यानं फोन बाहेर धरला.
पडद्यावर नऊ पूर्णांक दोन होतं.
कानात कुणीतरी मांजरपाट फाडत होतं
आणि थान संपतच नव्हतं.

कधी उलटंच होतं.
वारा भरपूर, आणि वरून निरोप येतो,
वीज नको, चक्क्या थांबवा.
मी अंकुशला कळवते. तो हसतो.
"आणि वाऱ्याला काय सांगू?"
त्या तुकड्यात मी शून्य भरते.
शून्य भरताना हात जरा
जड होतो, एवढंच.

सहाला शिफ्ट संपते.
सत्ताविसाव्या तुकड्यात मी भांडुपला, जिना चढून,
कुलपात किल्ली फिरवते.
आत पंखा चालू.
कालपासून, बंद घरात, कुणासाठीच नाही.
दूधवाल्याचं बिल उडून मोरीत भिजलंय,
खाटेवरची चादर एका कडेनं अजून हलतेय.

बटणापर्यंत हात जातो.
ही वीज मी कुठल्याच तुकड्यात धरली नव्हती.

पंख्याखाली उभी राहते, पर्स खांद्यालाच.
ऐकते.
पाखडल्यागत, पाखडल्यागत,
आणि मधेच
खडा.