वीस गोळ्यांची सरासरी

वीस गोळ्या आधी एकत्र जोखायच्या,
मग खलात घालून त्यांचं वीसपण मोडायचं.
चिमूटभर पिवळट भुकटी काट्यावर ठेवते
श्वास धरून;
हा काटा श्वाससुद्धा मोजतो.

मन्सूराच्या या इमारतीत रात्री नऊला
दिवे एकदा मिचकावतात.
शुक्रीकाका काचसामान विसळता विसळता विचारतात,
"तुझ्या यंत्राचं प्रेशर किती गं, इब्तिहाल?"
एकशे साठ बार.
"म्हणजे माझ्याएवढंच," म्हणतात,
आणि खोकत पुढचा फ्लास्क उचलतात.

मिथेनॉल, बफर, आम्लता तीन.
पोलादी नळीत वीतभर वाट,
पिठाहून बारीक कणांनी ठासलेली.
दोन औषधं तिथे एकत्र शिरतात
आणि एकमेकांसाठी थांबत नाहीत:
एक घाईची, तिसऱ्या मिनिटालाच बाहेर,
दुसरी सहाव्याला,
लग्नघरातून सगळ्यांचा निरोप घेत निघणाऱ्या
आत्येसारखी.

पडद्यावरची आडवी रेघ उठते,
टोक गाठते, उतरते.
त्या टेकडीखालची जमीन मी मोजते.
सहा वेळा मोजते.
अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात.
दुसरीचं नव्व्याण्णवला टेकलेलं.

खोट नाही.
मला ती हवी होती, हे आत्ता कळतं.
पुन्हा एकदा सुई टोचावी असं वाटतं.

नोंदवहीत हा नमुना नाही,
त्याला क्रमांक नाही, सहीला जागा नाही.
आईच्या उशाजवळच्या खोक्यातून उचललेल्या गोळ्या या;
कारण रोज घेऊनही
तिचा वरचा आकडा एकशे ऐंशीवरून हलत नाही.
डॉक्टर म्हणाले, कंपनी बदलून बघा.
मी म्हटलं, आधी कंपनीलाच बघते.

घरी पोचते तेव्हा नाईलवरून दमट वारा येतोय.
स्वयंपाकघरात सुरीच्या पात्यावर
पिवळी रेघ, केसाएवढी.
बडीशेपेच्या डब्यात अर्धुकं,
कागदात गुंडाळलेलं,
खालच्या मजल्यावरच्या उम्म रगबसाठी.
तिच्या दुकानात दोन महिने माल नाही,
असला तर भाव नाही परवडत.

आयुष्यभर हातचं राखून जगलेली बाई
माझ्याकडे बघते.
मी यंत्राचा आकडा सांगते. ती ऐकत नाही.
"वीस?" म्हणते.
"वीसच्या वीस कुटल्यास?
अगं, आम्हा दोघींचे
वीस दिवस होते ते."