हरिपूरच्या पेवात यान

पारिसअण्णा, आधी गोष्ट ऐका, पैशाचं मग बघू.
यान उतरतं हरिपुरात, थेट रिकाम्या पेवात.
वर येतात ती पिवळीधमक, नखशिखांत.
मेकअपचा खर्च शून्य. हळद तुमच्याच अडतीतली.

गावाला वाटतं, सामुदायिक विवाह आहे.
बँड येतो, आहेराची पाकिटं येतात,
एक म्हातारी त्यांच्या पुढाऱ्याला विचारते,
"पावणं कुठलं? जतकडचं का?"

यान म्हणजे द्राक्षाचा ब्लोअर, उलटा टांगून.
सुकुमार मगदूम देतो म्हणालाय,
पण माल उतरल्यावर, आणि डिझेल आपलं.
आवाज मिरजेतून आणू:
बाबालालचाचा सतारीच्या तारा जुळवताना
स्वतःशी जे पुटपुटतात ना,
तेच, जरा संथ करून.

खलनायक ठरत नाही अजून.
तुमचा मेहुणा चालेल का?
अभिनय नको, नुसता व्याजाचा दर सांगू दे.

शेवटी त्यांना घरी जायचंय,
पण थ्री फेज रात्री दोनला.
तोवर आख्खी आकाशगंगा
बांधावर उकिडवी बसून लाईटीची वाट बघते.
इथं लोक रडतील, लिहून ठेवा.

काल जागा बघायला पेवात उतरलो.
आधी कंदील सोडला. विझला नाही.
पुरानंतर तिथं कुणी काही साठवलेलं नाही.
"कोण हाय का?" म्हणून ओरडलो.
आवाज परत आला, पण उशिरानं,
आणि माझा वाटेना.

अण्णा, ते आधीच आलेत.
रोजाचं किती देणार, विचारत होते.