लाखाला एक

उद्यमबागेत आमच्या टेस्टिंगच्या खोलीत
एक जुना फ्लक्समीटर आहे, लाकडी पेटीतला.
काच डाव्या कोपऱ्यात तडकलेली,
काट्याखाली काळ्या अक्षरांत: किलोलाइन.

आता असं कोणी म्हणत नाही.
पुण्याची ऑर्डर मिलिवेबर मागते,
पॉलिटेक्निकच्या पुस्तकात नुसता वेबर,
आणि पहिल्याच आठवड्यात मुचंडीकर शेठ म्हणाले,
"सर्टिफिकेटवर आकडा तेवढा नीट घाल गे,
बाकी चुंबक आपलं आपण बघून घेतं."

मी वेढे विसरले.
तपासायच्या कॉइलला दहा वेढे होते,
काटा चारशेवीसवर गेला, मी तसाच उतरवला,
लाखाला एक धरून मिलिवेबर केले:
चार पूर्णांक दोन.
हवे होते शून्य पूर्णांक बेचाळीस.

दोनशे चुंबकांची पेटी परत आली.
सोडवताना दोन एकमेकांना अशी चिकटली
की माझ्या करंगळीचं नख काळं पडलं.
चुंबकांना काहीच झालं नव्हतं.
कागद चुकला होता.

बसलिंगाप्पा हुक्केरी, आम्ही सगळे मामा म्हणतो,
संकेश्वरहून येऊन-जाऊन एकतीस वर्षं झाली,
लेथशी मराठीत बोलतो, आकडे कन्नडात घालतो,
शिवी ज्या भाषेत आधी सापडेल तिच्यात.
त्यानं चहाची बशी पुढं सरकवली.
"एक वेबर म्हणजे किती?"
"दहा कोटी मॅक्सवेल."
"हत्तु कोटी," बोटं मोडत तो म्हणाला,
"एंटु सोन्ने. आठ शून्यं.
कोटीला बघ, तुझ्यातबी कोटीच म्हणत्यात."

मग म्हणाला, मॅक्सवेल नाव नंतरचं.
त्याच्या उस्तादानं त्याला लाइनच शिकवली होती.
अमक्या चुंबकातून एवढ्या हजार लाइनी जातात,
तमका म्हातारा झाला, लाइनी सांडल्या.

बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर त्यानं
लोखंडाचा कीस पसरला,
खालून चुंबक हळूच नेलं.
कीस उठला, केसासारखा, भांग पाडून.
"गेरे," तो म्हणाला.
"रेघा," मी म्हणाले.
"ह्या खऱ्या नव्हेत बरं.
मोजायला सोय म्हणून कुणीतरी काढल्या.
पुसल्या तरी ओढ हाय तेवढीच."
आणि कागद वाकडा करून
सगळा कीस परत डबीत ओतला.

मी शिनोळीहून येते.
नाक्याशी पाट्यांची अक्षरं बदलतात,
कंडक्टर बदलत नाही.
त्या संध्याकाळी खिडकीपाशी बसून
पुस्तकातलं एक वाक्य आठवत होते,
परीक्षेला पाठ केलेलं, न कळता:
बंद पृष्ठभागातून जेवढा फ्लक्स आत जातो
तेवढाच बाहेर येतो, बेरीज शून्य.
बसमध्ये भाजीवाल्या होत्या, रिकाम्या बुट्ट्या,
सकाळी याच गेल्या होत्या भरून.
बेरीज शून्य, असं मात्र
त्यांच्यापैकी एकीलाही म्हणून बघायची
माझी हिंमत झाली नाही.

मामा मार्चमध्ये रिटायर झाला.
पेटीच्या झाकणाला आतून मी चिठ्ठी डकवली आहे:
आधी वेढ्यांनी भाग.
मग किलोलाइनला शंभरनं भाग, झाले मिलिवेबर.
खाली त्यानं जायच्या दिवशी
कन्नडात एक ओळ लिहून ठेवलेली.
मला ती लिपी येत नाही.
शून्यं ओळखू येतात, दोन आहेत.
कुणाला विचारलं तर मिनिटात सांगतील,
अजून विचारलेलं नाही.

नवा डिजिटल मीटर आलाय. बटण दाबलं
की वेबर, दुसऱ्यांदा दाबलं की मॅक्सवेल.
तरी शनिवारी मी जुना काढते.
त्याच्या काट्याला परतीची स्प्रिंग नाही,
जिथं नेलं तिथं थांबतो, शून्यावर आपणहून येत नाही.
हातानं आणावा लागतो.
मी आणते,
मग पेटी लावते.