प्रवेशिका मागवण्याबाबत

सेलू आणि आसपासच्या, म्हणजे
मानवत, पाथरी, जिंतूर, परतूर इथल्या
नखात रंग अडकलेल्या सगळ्यांना कळवतो की
दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारपासून चार दिवस
बंद जिनिंगच्या वजनकाट्याच्या खोलीत
चित्रं लावायची आहेत.
विषय : माप.

मागच्या साली विषय दिला नव्हता.
सतरा चित्रं आली, त्यात नऊ बैलजोड्या
आणि चार सूर्यास्त,
पैकी दोन एकाच कॅलेंडरवरून.
म्हणून यंदा विषय.

आणि माप, कारण मला दुसरं काही येत नाही.
एकतीस वर्षं टेप घेऊन बसलोय स्टेशन रोडला.
लोक फोटो आणतात, म्हणतात, बसवून द्या.
बसवताना कधी दोन सूत कापावं लागतं, कधी बोटभर.
काय कापलं, कुणी विचारत नाही.
कुणामागचं दार,
कुणाच्या नऊवारीचा काठ,
एका लग्नाच्या फोटोत कडेला
नुसता एक हात होता,
खांद्यावर ठेवलेला.

नियम सांगतो.
आकार दोन बाय तीन फुटांच्या आत.
हा नियम माझा नाही, दाराचा आहे.
मागं कडी लावलेली असावी, सुतळीही चालेल.
फी नाही. ज्याला द्यायचीच आहे त्यानं चहा पाजावा.
चित्र आपलं आपण परत न्यावं.
मागच्या सालचा एक सूर्यास्त
फेब्रुवारीपर्यंत माझ्या दुकानात मावळत होता.

माप म्हटलं म्हणून फूटपट्टी काढू नका.
अंगणवाडीच्या मंदोदरीताई
लेकरांच्या दंडाला कागदी फीत लावतात,
हिरवा, पिवळा, लाल.
त्यांना म्हटलं, द्या काहीतरी.
म्हणाल्या, मी कुठं चित्रकार?
तीन रंग तर रोज हातात असतात, ताई,
आणि त्यातला एक बघून
तुमचा चेहरा उतरलेला मी बघितलाय.

शफीक टेलरच्या वहीत
एकाच माणसाची छाती सोळा वर्षं लिहिलेली आहे.
छत्तीस, सदतीस, अडतीस, अडतीस,
मग एकदम तेहतीस,
पुढं पान कोरं.
तो म्हणतो, वही देतो, पण नाव झाकून लावा.
झाकू.

आता अडचण सांगतो.
परवा गौस पेंटर आले.
फ्लेक्स आल्यापासून ब्रश रॉकेलमध्येच उभे आहेत त्यांचे.
काउंटरवर कोपर टेकून विचारलं,
दगड चालंल का?
कोणता?
परभणी त्रेचाळीस.
स्वतः रंगवलेला, पिवळी टोपी, काळे आकडे.
रुंद रस्ता झाला तेव्हा उपटून नाल्यात लोटला,
अजून उताणा पडलेला आहे.
नवीन पाटीवर परभणी चाळीस.
गौसभाई म्हणाले, रस्ता सरळ केला, ते ठीकच.
पण ते तीन किलोमीटर
कुठं ठेवले असतील ह्यांनी?
मी काय सांगणार.
टेप काढली, उगीच, आणि परत गुंडाळली.

दगड दोन बाय तीनच्या आत बसतो.
कडी लावता येत नाही.
सबब नियम दुसरा दुरुस्त करण्यात येत आहे :
मागं कडी नसली तरी चालेल,
उचलायला चार माणसं सोबत आणावीत.

माझंही एक द्यायचा विचार आहे.
कापलेल्या पट्ट्या मी टाकल्या नाहीत.
बिस्किटांच्या तीन डब्यांत आहेत, दाबून भरलेल्या.
त्यातला तो हात सापडेना झालाय,
रोज दुकान बंद केल्यावर एक डबा उपसायलोय.
सापडला तर त्याला फ्रेम केवढी करावी,
कुणी जाणकारानं येऊन सांगावं.

प्रवेशिका वसुबारसेपर्यंत.
काटा गंजलाय, वजन दाखवत नाही.
तरी वर उभं राहिलं
की जरासा हलतो.
लेकरांना चढू द्यावं.

वैजनाथ खुरसणे,
काच आणि फ्रेम, सेलू